कामाची अट आणि माणसाचा धर्म

विरारहून सकाळी सुटणाऱ्या कोणत्याही गाडीचा एक डबा डोळ्यांसमोर आणा. एका कोपऱ्यात भजनी मंडळाचे टाळ चाललेले असतात. दाराशी लोंबकळणाऱ्या तरुणाच्या दंडावर ताईत असतो, खिडकीशी बसलेल्या बाईंच्या बोटांतून जपमाळ सरकत असते. त्यातून राखेचा बुधवार असला, तर नायगावला आणि वसईला चढणाऱ्या कित्येकांच्या कपाळावर राखेचा क्रूस दिसतो. गाडीत याचे कोणालाच काही वाटत नाही. वाटते ते गाडीतून उतरल्यावर, कामाच्या जागी पोचल्यावर. तिथे कोणी कपाळ पुसून घेतो, कोणी ताईत सदऱ्याखाली ढकलतो आणि कोणी मुद्दाम दिसेल असा वर ठेवतो.

मी वसईत राज्यशास्त्र शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना मुलाखतींची बोलावणी येऊ लागली, की तास संपल्यावर कोणीतरी मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "सर, गळ्यातला क्रूस आत घालू का?" कोणी टिळ्याबद्दल विचारतो, कोणी डोक्यावरच्या ओढणीबद्दल. एकाने तर आडनावाबद्दल विचारले. आडनाव काही आत घालता येत नाही! या मुलांना काय उत्तर द्यावे, हाच आजचा विषय आहे. खेड्यातल्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना तो माझ्याइतकाच जवळचा आहे, कारण असले प्रश्न पहिल्यांदा त्यांच्याच पुढ्यात येतात. पुष्कळदा ते त्यांच्यावरच येतात.

वसईला हा प्रश्न नवा नाही. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो घेतला. मधली दोनशे वर्षे इथे पोर्तुगीजांची सत्ता होती. सोळाव्या शतकात या सत्तेने हिंदूंना सरकारी कामांपासून दूर ठेवण्याचे हुकूम काढले होते. गोव्याच्या इतिहासात त्यांच्या नोंदी आहेत. म्हणजे नोकरी देताना आधी धर्म पाहायचा, ही रीत आपल्या किनाऱ्याला चारशे वर्षांपूर्वीच ठाऊक झाली होती. याच किनाऱ्याला त्याहून फार जुनी, उलट दिशेची एक साक्षही आहे. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, हे आपण शाळेत वाचलेले असते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ साली भुईगावला नवव्या लेखाचा मिळाला. हा नववा लेख काय सांगतो? लोक आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. पण खरे मंगल कार्य म्हणजे दासांशी व चाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, ब्राह्मण आणि श्रमण या दोघांनाही दान देणे. विधी आणि चाकर या दोन गोष्टी राजाने एकाच दगडावर आणल्या. लेख बावीसशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि निघाला आपल्या भुईगावात.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला सद्‌सद्‌विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. आपला धर्म उघडपणे मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्कही दिला आहे. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. शीख बांधवाचे कृपाण हा त्याच्या धर्माचरणाचा भाग आहे, असा खुलासा तिथेच केलेला आहे. सोळावा अनुच्छेद सांगतो, की सरकारी नोकरीत केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास या कारणांवरून कोणाही नागरिकाला अपात्र ठरवता येणार नाही. अपवाद आहे तो देवस्थानासारख्या धार्मिक संस्थेच्या कारभारातील पदांचा. तिथे त्या धर्माचाच माणूस असावा, असा कायदा असू शकतो. यात वावगे काही नाही. पुजाऱ्याच्या कामाची अटच तशी असते.

आजच्या साऱ्या बोलण्याची किल्ली या अपवादातच आहे. अट कामातून निघालेली आहे, की माणूस आवडत नाही म्हणून लावलेली आहे? नोकरी देणाऱ्याने आणि नोकरी करणाऱ्याने दोघांनीही हाच प्रश्न विचारायचा. ऐकायला सोपा वाटतो, पण चार प्रकरणे पाहिली म्हणजे त्याची गुंतागुंत ध्यानात येते.

पहिले प्रकरण आपल्या जवळचे, नाशिकचे, आणि शिक्षकाचे. एका माध्यमिक शाळेत रोज सकाळी प्रार्थना होत असे. हे शिक्षक प्रार्थनेच्या वेळी सर्वांबरोबर उभे राहत, गडबड करीत नसत, कोणाला अडवीतही नसत. फक्त हात जोडत नसत. हात जोडणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. शाळेने याला बेशिस्त ठरवले आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. आता वरिष्ठ वेतनश्रेणी म्हणजे काय, हे शिक्षकांना सांगायला नको. बारा-बारा वर्षांच्या नोकरीनंतर घरात येणारे ते चार अधिक पैसे असतात. मुलाची फी, आईचे औषध त्यावर ठरलेले असते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले, की प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती शिक्षकावर करता येत नाही. तसे करणे हा त्याच्या विवेकस्वातंत्र्याचा भंग होईल, आणि हात न जोडणे ही बेशिस्त धरता येणार नाही.

या निकालाकडे जरा थांबून पाहू या. आपण धर्मस्वातंत्र्य म्हटले, की माणसाला काहीतरी करू देण्याचा हक्क समजतो. पूजा करू द्या, नमाज पढू द्या, उपवास करू द्या. या शिक्षकांचा हक्क काही न करण्याचा होता. दोन्ही हक्क एकाच अनुच्छेदात आहेत, आणि माझ्या मते दुसरा अधिक नाजूक आहे. पूजा करू न देणाऱ्याचा हात सर्वांना दिसतो. पण "अहो, नुसते हात तर जोडायचेत, त्यात काय मोठेसे?" असे म्हणणारा आपल्याला भला माणूस वाटतो. मुख्याध्यापकांनी स्वतःला एवढेच विचारावे: हे शिक्षक गणित चांगले शिकवतात ना? वेळेवर येतात ना? मुलांपुढे प्रार्थनेची टिंगल करीत नाहीत ना? तीनही उत्तरे समाधानकारक असतील, तर जोडलेले वा न जोडलेले हात हा शाळेच्या कामाचा भाग उरत नाही.

पण याचा अर्थ कामाच्या जागी धर्माची प्रत्येक खूण चाललीच पाहिजे, असाही नाही. विलायतेतल्या दोन बायकांची गोष्ट सांगतो. दोघींचा आग्रह एकच होता, गळ्यातला क्रूस दिसेल असा घालण्याचा. एक ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीत उतारूंची नोंद घेण्याच्या खिडकीवर काम करी. कंपनीच्या गणवेशाच्या नियमात क्रूस बसत नव्हता. फेटा आणि डोक्यावरचा रुमाल मात्र चालत होता. दुसरी रुग्णालयात परिचारिका होती. तिच्या वरिष्ठांचे म्हणणे, की साखळी रोग्याच्या हातात सापडून ओढली जाईल किंवा उघड्या जखमेला लागेल. दोघी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या आणि जानेवारी २०१३ मध्ये एकाच दिवशी निकाल लागला. पहिली जिंकली, दुसरी हरली. क्रूस तोच, धर्म तोच. फरक होता तो कामाचा. खिडकीवरच्या बाईच्या क्रुसाने विमानाचे काही बिघडत नव्हते, रुग्णालयातल्या साखळीने रोग्याचे बिघडू शकत होते.

आपल्या वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतही हेच आहे. फिरत्या यंत्रापाशी काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, असे कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यानेच सांगितले होते. लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यातली रुद्राक्षाची माळ, जपमाळ, ताईताचा गोफ आणि बाईचे मंगळसूत्र ही सारी यंत्राला सारखीच. फोरमनने चौघांनाही ती काढून ठेवायला सांगितली, तर त्यात कोणाच्या धर्माचा अपमान नाही. ताईत काढायला लावला आणि रुद्राक्षाकडे काणाडोळा केला, तर मात्र ती यंत्राची काळजी राहत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न गणवेशधारी नोकऱ्यांचा. आपल्या राज्य राखीव पोलीस दलातल्या एका मुसलमान जवानाला दाढी ठेवण्याची परवानगी मिळाली होती, ती पुढे काढून घेण्यात आली. त्याने दाढी काढली नाही, म्हणून तो निलंबित झाला. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सहानुभूती दाखवून कामावर परत जाण्याची वाट सुचवली, पण ती त्याला पटली नाही. पुढे २०२४ साली त्याच न्यायालयाने मूळ प्रश्न पुन्हा ऐकण्याची तयारी दाखवली. याच प्रकारचा वाद हवाई दलातही झाला होता. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की सैन्यदलात एकसारखेपणा व शिस्त यांना वेगळे महत्त्व आहे. केस न कापणे ही ज्याच्या धर्माची आज्ञाच आहे, त्याच्यापुरती सवलत राहील. शीख जवानांची दाढी म्हणूनच चालते. मला विचाराल तर लष्कराची गोष्ट मी समजू शकतो. पण नीट कापलेल्या दाढीमुळे बंदोबस्ताच्या पोलिसाच्या कोणत्या कामात खोट येते, हे अजून कोणी मला पटवून दिलेले नाही. तुमचे मत वेगळे असू शकेल. मात्र ते देताना "शिस्त" या एका शब्दावर थांबू नका. कोणते काम अडते, ते सांगा.

कामाचे निमित्त आणि कामाचे कारण यांत किती अंतर असते, याचा नमुना मुंबईच्या गिरण्यांनी दाखवला आहे. विणकाम खात्यात पगार चांगला मिळे, पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे घेत नसत. कारण सांगितले जाई ते असे, की कांडी संपली म्हणजे नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो, तेव्हा या लोकांनी तोंड लावलेल्या धोट्याला इतर कसे तोंड लावणार? १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. वरून पाहता अडचण यंत्राची दिसत होती, मुळात ती विटाळाची होती. एकमेकांचा थुंका तोंडात घेणे कोणाच्याच आरोग्याला बरे नव्हते. तो दोष धोट्याचा होता, पण दूर केला गेला तो माणूस. आणि बळी पडला तो त्याच्या घरातला वाढीव पगार.

इथवर सारे सरकारी नोकरीचे, शाळांचे आणि जुन्या गिरण्यांचे झाले. आमची मुले जातात ती बहुतेक खाजगी कंपन्यांत, दुकानांत, गाळ्यांत. तिथे काय? इथे मला थोडे कडू सांगावे लागते. सोळावा अनुच्छेद सरकारला बांधतो, खाजगी मालकाला बांधत नाही. अपंगत्व, स्त्री-पुरुष समान वेतन अशा काही बाबतींत खाजगी मालकांनाही लागू होणारे कायदे झाले. पण केवळ धर्मावरून नोकरी नाकारू नये, असे खाजगी मालकाला स्पष्टपणे बजावणारा सर्वसाधारण कायदा देशात नाही. वास्तविक नोकरी-धंद्यातील भेदभावाविरुद्धचा जागतिक मजूर संघटनेचा १९५८ चा करार भारताने १९६० सालीच मान्य केला आहे, आणि त्यात धर्माचा उल्लेख आहे.

मे २०१५ मध्ये मुंबईत एक प्रकार घडला. व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या एका तरुणाने हिऱ्यांच्या निर्यातीचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीकडे अर्ज पाठवला. थोड्याच वेळात लेखी उत्तर आले, आम्ही फक्त मुसलमानेतर उमेदवार घेतो. तरुणाने ते उत्तर लोकांपुढे ठेवले. मोठा गवगवा झाला, पोलिसांनी भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-ब खाली गुन्हा नोंदवला, आणि कंपनीने हा एका नवख्या कर्मचाऱ्याचा प्रमाद असल्याचे सांगितले. खरे सांगायचे तर त्या तरुणाच्या हाती लेखी कागद पडला, हे त्याचे भाग्य. बहुतेकांना "कळवतो" एवढाच शब्द मिळतो, आणि "कळवतो" या शब्दावर गुन्हा नोंदवता येत नाही.

नोकरीत शिरल्यानंतर मात्र परिस्थिती थोडी बरी आहे. लायकी न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे महाराष्ट्राने १९७१ साली केलेल्या कायद्यात लिहिले गेले; केंद्राच्या कामगार कायद्यातही तसेच कलम आले. खाजगी शाळांतल्या शिक्षकांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. आपल्या वसईत धर्मप्रांताच्या शाळा आहेत, हिंदू मंडळींनी चालवलेल्या संस्था आहेत, उर्दू शाळाही आहेत. अल्पसंख्याकांच्या शाळेला आपला मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तीन माणसे आपल्या पसंतीने नेमण्याची मुभा हा कायदा देतो. त्यापलीकडे जो शिक्षक कायम झाला, तो ख्रिस्ती शाळेतला हिंदू असो की हिंदू संस्थेतला ख्रिस्ती, त्याला काढून टाकले, खालच्या जागेवर ढकलले किंवा डावलून दुसऱ्याला बढती दिली, तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मुदत तीस दिवसांची आहे. पुष्कळ शिक्षक "बघू, साहेबांचा राग उतरेल" म्हणत हे तीस दिवस घालवतात. आदेशाची लेखी प्रत मागून घ्या आणि तारीख लिहून ठेवा.

जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दलही एक शब्द. ज्या शाळेचा सारा खर्च सरकार करते तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो. ही मर्यादा शिक्षकावरही आहे. स्वतः माळ घालणे वेगळे आणि वर्गातल्या पोरांना माळ घालायला लावणे वेगळे. या बाबतीत सरकारचाही पाय कधी पुढे, कधी मागे असतो. जानेवारी २०१७ मध्ये ग्रामविकास खात्याने शाळा-कचेऱ्यांतील देवादिकांच्या तसबिरी आणि पूजाअर्चा यांविषयी परिपत्रक काढले, आणि ओरड होताच काही दिवसांत ते मागे घेतले. तसबीर भिंतीवर असल्याने सहसा कोणाचे अडत नाही. अडते ते वर्गणीने. कचेरीत सत्यनारायण घालायचा, वही फिरायची, आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्याचे नाव वहीत कोरे राहायचे. दुसऱ्या दिवशीपासून त्या कोऱ्या जागेबद्दल कुजबुज सुरू होते. ही कुजबुज कोणत्याच कायद्याला ऐकू जात नाही. डब्याचेही तसेच आहे. सुकी मच्छी आणणारा आमचा वसईकर कोपऱ्यात जाऊन जेवतो, आणि त्याला तसे कोणी सांगितलेलेही नसते.

मोठ्या पदांनाही हे चुकलेले नाही. आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काहींनी ख्रिस्ती धर्मगुरू हा मराठीच्या व्यासपीठावर कसा, म्हणून विरोध केला. धमक्यांचे फोनही आले. पद साहित्याचे होते, पात्रता मराठी लेखनाची होती, आणि ती त्यांच्याकडे होती. साहित्य महामंडळ ठाम राहिले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, प्रकृती बरी नसतानाही फादर संमेलनाला गेले आणि अध्यक्ष म्हणून बोलले. २०२४ साली ते गेले.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण दुकानांत आणि लहान आस्थापनांत सर्वांत अधिक रुसवेफुगवे तिच्यावरून होतात. ती म्हणजे सणाची सुटी. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याने ठराविक संख्येवर कामगार असलेल्या जागी वर्षाला आठ भरपगारी सुट्या ठरवून दिल्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार सणांच्या, आणि त्या कोणत्या हे मालक व कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी एकमेकांशी बोलून ठरवायचे आहे. आता दहा-वीस माणसांच्या जागेत दिवाळी, गणपती, ईद, नाताळ, गुड फ्रायडे, बुद्धपौर्णिमा, आंबेडकर जयंती एवढे सारे चार दिवसांत कसे बसवायचे? नुसते हात वर करून मोजले, तर दरवर्षी त्याच दोघा-चौघांचा सण राहणार. काही ठिकाणी तोड काढतात ती अशी: दोन दिवस सर्वांचे समान ठेवायचे आणि दोन दिवस ज्याने त्याने आपल्या सणाला घ्यायचे. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत मर्जीच्या दोन सुट्या अशाच असतात. नाताळला ख्रिस्ती माणूस घरी असतो तेव्हा त्याचे काउंटर हिंदू सांभाळतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याची फेड होते. कायद्याने ही बोलणी वर्षाच्या आधी करायला सांगितली आहेत. पण बहुतेक जागी सण परवावर आला म्हणजे अर्ज लिहिला जातो आणि मालकाच्या कपाळाला आठी पडते. डिसेंबरातल्या एखाद्या दुपारी, जेवणाच्या सुटीत, कॅलेंडर भिंतीवरून काढून मेजावर पसरले, तर हे काम अर्ध्या तासात होते.